दुसरी वायर

जांभळगव्हाणात योगराज केबलवाल्याच्या नात्यात लग्न निघालं की गावाचं इंटरनेट धोक्यात यायचं. तो काही मुद्दाम करायचा नाही. पण गावात वायर त्याची एकट्याची, दुरुस्त करणाराही तो एकटाच, आणि नातेवाईक मात्र धुळ्यापासून मुक्ताईनगरपर्यंत पसरलेले. तो हळदीला गेला की इकडे एखादं माकड वायरीला लोंबकळायचं, नाहीतर चाऱ्यानं भरलेली ट्रॉली वळताना जोड तोडून जायची. मग योगराज परत येईपर्यंत गाव वाट बघत बसायचं.

बाकीच्यांचं निभून जायचं. दिपमालाचं निभत नव्हतं.

दिपमाला म्हणजे मोतीलाल नानांची सून. वय एकतीस, शिक्षण एम.ए. मराठी. नवरा ललित धुळ्याला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. दोन वर्षांपूर्वी दिपमालाला पुण्याच्या एका कंपनीचं काम मिळालं होतं. परदेशी मालिकांना खाली जी मराठी वाक्यं येतात ना, ती लिहायची. कंपनी चित्रफीत पाठवायची, सोबत इंग्रजी संवाद. दिपमाला ते मराठीत उतरवून, दोन ओळींत बसवून परत पाठवायची. मालिका बहुतेक कोरियाच्या. त्यात सासवा-सुनांची भांडणं भरपूर असल्यामुळे तिला घरातच एक सल्लागार मिळाली होती, ती म्हणजे तिची सासू ताईबाई.

"आई, सासू सुनेला म्हणते की तू या घरात आल्यापासून मला सुखाचा घास मिळाला नाही. हे कसं म्हणू?"

ताईबाई लसूण सोलता सोलता लगेच दोन-तीन पर्याय द्यायच्या. त्यातला एखादा खालच्या ओळीत बसायचा, बाकीचे इतके तिखट असायचे की कंपनीनं परत पाठवले असते. दिवसभर ताईबाईंना त्या कोरियन मुलीची काळजी. "त्या पोरनं काय व्हयनं वं? सासूनी तिले घरमा घिदं का नही?" असं त्या स्वयंपाकघरातून ओरडून विचारायच्या.

मार्च महिन्यात योगराजच्या मेहुण्याच्या मुलाचं लग्न मुक्ताईनगरला होतं. योगराज सोमवारी गेला. मंगळवारी सकाळी इंटरनेट गेलं. दिपमालाच्या दोन भागांचं काम तयार होतं आणि गुरुवारी दुपारपर्यंत ते पुण्याला पोचायला हवं होतं. तिनं योगराजला फोन लावला. मागे सनई आणि बायकांचा गलका.

"योगराजभाऊ, नेट गेलंय."

"वहिनी, मी मांडवात आहे."

"कधी याल?"

"उद्या लग्न, परवा सत्यनारायण. शुक्रवारी पक्का."

"शुक्रवारी मला काय उपयोग? दुसरं कोणी नाही का बघायला?"

"दुसरं कोण असणार वहिनी?" योगराज खरोखर आश्चर्यानं म्हणाला. "गावात मीच आहे ना."

मोबाइलवरून पाठवायचं तर जांभळगव्हाण पडलं दोन टेकड्यांच्या बेचक्यात. फोनवर बोलण्यापुरती रेंज यायची, पण एवढ्या मोठ्या फाइल पाठवायला बसलं की ती अर्ध्यावर थांबून राहायची. दिपमाला शाळेच्या गच्चीवर जाऊन आली, विहिरीजवळच्या उंचवट्यावर जाऊन आली. ललितच्या हाती पेनड्राइव्ह देऊन भागणार नव्हतं, कारण पाठवताना प्रत्येक फाइल तिला स्वतः तपासून चढवावी लागायची. बुधवारी सकाळी तिनं लॅपटॉप पिशवीत घातला आणि एसटीनं धुळे गाठलं. देवपुरात तिची मावशी राहायची. मावशीच्या घरून तासाभरात काम पुण्याला गेलंही.

खाली उतरताना जिन्याजवळ तिला एक पाटी दिसली. पांझरा फायबर. हे ऑफिस गेल्या वेळी नव्हतं. ती सहज आत गेली. टेबलाशी मोनाली नावाची एक इंजिनिअर मुलगी बसली होती. दिपमालानं गावाचं नाव सांगताच ती हसली.

"जांभळगव्हाण? तुमच्या फाट्यापर्यंत आमची वायर येऊन दोन वर्षं झाली, ताई."

"मग पुढे का नाही आणली?"

"पंचायत नाही म्हणाली." मोनालीनं कपाटातून एक पत्र काढून दाखवलं. ग्रामपंचायतीच्या खांबांवर एकाच व्यावसायिकाला वायर टाकण्याची परवानगी देण्याचा ठराव असल्यामुळे आपला अर्ज विचारात घेता येत नाही, असं त्यात होतं. खाली आधीच्या सरपंचांची सही.

"असा ठराव करता येतो?"

"तुमचा ठराव बारा वर्षांपूर्वीचा आहे. आता दूरसंचारचा नवा कायदा आलाय. वायर टाकायला वाट द्यायची तर भेदभाव करायचा नाही, आणि शक्यतो एकालाच मक्ता द्यायचा नाही. अर्ज आला की ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यायचं. मुदतीत दिलं नाही तर परवानगी मिळाली असंच धरतात." मोनालीनं नियमांची प्रत तिच्या फोनवर पाठवली. "पण आम्ही गावाशी भांडून येत नाही. खांबावर चढणारी आमचीच माणसं असतात. गावानं बोलावलं तर येऊ."

परतीच्या एसटीत दिपमालानं ते नियम वाचले. भाषा कोरियन सासूपेक्षा अवघड होती. पण अवघड वाक्य सोपं करून दोन ओळींत बसवणं हेच तर तिचं काम. गाव येईपर्यंत तिनं वहीत चार मुद्दे उतरवले होते.

घरी मोतीलाल नाना ओट्यावर बसले होते. नाना बहात्तर वर्षांचे. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून अडतीस वर्षं नोकरी केलेले. अंगानं अजून काटक, चालणं ताठ. त्यांच्या दृष्टीनं जगात टेलिफोन खातं एकच होतं, आणि बाकी सगळे ते 'खासगीवाले'. मोबाइल कंपन्यांच्या जाहिराती लागल्या की ते टीव्हीचा आवाज बंद करायचे. योगराजही खासगीवालाच, पण त्याला मात्र सूट होती. तो बावीस-तेवीस वर्षांचा असताना खात्याच्या ठेकेदाराकडे रोजंदारीवर आला होता आणि खांबावर चढायला, जोड मारायला त्याला नानांनीच शिकवलं होतं. पुढे त्यानं गावात केबल टाकली तेव्हा पहिला जोड नानांनी स्वतःच्या हातानं मारला होता.

दिपमालानं सगळं सांगितलं. नाना ऐकून घेऊन म्हणाले, "एक खासगीवाला आहे तेवढा पुरे नाही का? दुसरा कशाला?"

"नाना, दुसरा आला तर पहिला वेळेवर येईल."

"योगराज वाईट पोरगा नाही."

"वाईट आहे असं मी कुठं म्हणते? माझं काम अडतं एवढंच म्हणते."

ताईबाई आतून म्हणाल्या, "मन्ही मालिका बी अडस. तेबी लिही ले."

दुसऱ्या दिवशी दिपमाला सरपंच प्रमिलाबाईंकडे गेली. प्रमिलाबाई निवडून आल्याला दीड वर्ष झालं होतं. पन्नाशीची, सावधपणे पाऊल टाकणारी बाई. त्यांनी वहीतले चार मुद्दे दोनदा वाचले.

"मला पटतंय गं. पण योगराज आपल्या गावचा. उद्या तो म्हणेल, सरपंचांनी माझ्या पोटावर पाय दिला. आपण एक करू. ग्रामसेवकांकडून पंचायत समितीला लेखी विचारू. उत्तर आलं की ग्रामसभेत ठेवू. सगळ्यांच्या समोर काय ते होऊ दे."

उत्तर यायला तीन आठवडे लागले. तालुक्याच्या साहेबांनी तीन ओळींत कळवलं होतं, की नव्या नियमांनुसार असा एकाच व्यक्तीच्या बाजूचा ठराव ठेवता येणार नाही, ग्रामसभेनं तो दुरुस्त करावा आणि येणाऱ्या प्रत्येक अर्जावर सारखाच विचार करावा. ग्रामसभेची तारीख लागली, एप्रिलची वीस.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी योगराज नानांकडे आला. पंचेचाळिशीचा, पोट थोडं सुटलेलं, कमरेला कायम पकड लटकलेली. हातात लग्नातल्या बुंदीच्या लाडवांचा डबा होता. महिना झाला होता, लाडू दगड झाले होते, पण आणायचा राहून गेलेला मान त्यानं आणला.

"नाना, उद्या तुम्ही बोला. तुमचं गाव ऐकतं." तो ओट्याच्या पायरीवर बसला. "बारा वर्षांपूर्वी इथं कोणी यायला तयार नव्हतं. मी फाट्यापासून सहा किलोमीटर वायर ओढली. पावसात, चिखलात. तुम्ही बघितलंय. तेव्हा कुठं होता हा पांझरावाला? आता पिकलेलं खायला येतो?"

"ते खरं आहे," नाना म्हणाले.

"मग बोलाल ना?"

"सभेला येईन मी."

योगराजला तेवढं पुरलं. तो दिपमालाकडे बघून, "वहिनी, राग नाही ना?" असं विचारून, चहा पिऊन गेला. दिपमाला आत जाऊन गुपचूप कपबश्या विसळू लागली. नाना आपल्या बाजूनं बोलतील अशी आशा तिला तशीही नव्हती. सासऱ्यांनी विरोधात तरी बोलू नये, एवढंच ती मनात म्हणत होती.

नाना मात्र त्या संध्याकाळी जेवणानंतर अंधारातच ओट्यावर जाऊन बसले. ताईबाईंनी दोनदा विचारलं, काय झालं. "काही नाही," म्हणाले, "जुनी माणसं आठवली."

ग्रामसभा सकाळी दहाला होती. पंचायतीच्या खोलीत माणसं मावेनात म्हणून शाळेच्या पटांगणात कडुलिंबाखाली सतरंज्या टाकल्या. एरवी सभेला कोरम जमवताना ग्रामसेवकांची पायपीट व्हायची. आज बायकासुद्धा आल्या होत्या. निम्म्या मालिकांसाठी, निम्म्या तमाशा बघायला. "बठ्ठं गाव आयेल शे," असं म्हणत पुना नावाचा गडी माणसं मोजत फिरत होता.

प्रमिलाबाईंनी तालुक्याचं पत्र वाचून दाखवलं. मग योगराज उभा राहिला. नानांना सांगितलेलंच त्यानं सगळ्यांना सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. चिखल, पाऊस, सहा किलोमीटर. माणसं माना डोलवू लागली. "आणि पंचायतीच्या ऑफिसला मी बारा वर्षं फुकट लाइन दिली," तो शेवटी म्हणाला. "मी गावचा पोरगा. बाहेरचा माणूस उद्या धंदा नाही झाला तर वायर गुंडाळून जाईल. मी कुठं जाणार?"

"बरोबर शे," मागून कोणीतरी म्हणालं.

दिपमाला उठली. तिची वाक्यं आखूड होती. "योगराजभाऊंची वायर काढा असं कोणी म्हणत नाही. ती राहील. कायदा एवढंच म्हणतो की दुसऱ्यालाही वाट द्या. ज्याला जी हवी ती त्यानं घ्यावी. गेल्या वर्षात आपलं नेट एकेचाळीस दिवस बंद होतं, मी तारखा लिहून ठेवल्यात." तिनं वही वर धरली.

एकेचाळीस आकडा ऐकून कुजबुज झाली. योगराज म्हणाला, "त्यातले नऊ दिवस माकडाचे आहेत, वहिनी. माकडाला कायदा लागू आहे का?" सगळे हसले. दिपमालाही हसली, आणि हसण्यात तिचा मुद्दा वाहून चालला होता.

तेव्हा नाना उठले. नोकरीत साहेबांपुढे उभं राहून बोलायची सवय, त्यामुळे नाना घरीदारी शुद्ध मराठीतच बोलायचे. अहिराणी घाईगडबडीत तेवढी तोंडून निघायची. त्यांनी टोपी सारखी केली.

"योगराजला मी काम शिकवलं. तो बोलला त्यातलं एक अक्षर खोटं नाही. मला खासगीवाले आवडत नाहीत, तेही गावाला माहीत आहे. पण मला माझी एक गोष्ट सांगायची आहे." त्यांनी माणसांवरून नजर फिरवली. "यशोदाबाई आल्यात का?"

पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं हात वर केला. यशोदाबाई ऐंशीच्या पुढच्या, पाठीत वाकलेल्या.

"यशोदाबाईंचा मुलगा पंडित फौजेत होता. त्यांनी टेलिफोनसाठी अर्ज केला तेव्हा यादी एवढी लांब होती की नंबर यायला सहा वर्षं लागली. यादी माझ्या हातात नव्हती. ठीक. पण टेलिफोन आला, आणि दुसऱ्याच महिन्यात बंद पडला. तो दुरुस्त करणं माझ्या हातात होतं. मी किती दिवसांनी आलो, यशोदाबाई?"

"पंचवीस," यशोदाबाई लगेच म्हणाल्या. "पंडितना फोन येवाना व्हता. मी रोज त्या डबड्यापुढे बसू."

"पंचवीस दिवस. मी आजारी नव्हतो. सामान नव्हतं असंही नाही. रोज वाटेत दोन घरी चहा घ्यायचो, तिसऱ्या घरी गप्पा मारायचो, आणि जांभळगव्हाणची तक्रार उद्यावर टाकायचो. वाईट माणूस नव्हतो मी. कोणाकडून काही मागितलं नाही. पण यशोदाबाई जाणार कुठं? टेलिफोन आमचाच. आज केलं काय, उद्या केलं काय. लोक उलट मला बघून हात जोडायचे. मला ते आवडायचं."

ताईबाई नवऱ्याकडे टक लावून बघत होत्या. हे त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"मग सरकारनं दारं उघडली. मोबाइलवाले आले, एक सोडून चार-पाच आले. वर लक्ष ठेवायला नियामक बसला. पुढे तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचीही सोय झाली. आम्ही शिव्या घातल्या. मोर्चेही काढले. पण त्याच काळात आमच्या साहेबांनी सांगितलं, तक्रार आली की चोवीस तासांत माणूस पोचला पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक जाईल. आणि मी पोचायला लागलो! पाय तेच होते, सायकल तीच होती, खांब तेच होते. वीस वर्षं मला जे जमत नव्हतं ते एका आठवड्यात जमायला लागलं. का, तर आता समोरच्या माणसाला जायला दुसरं दार होतं."

ते योगराजकडे वळले. त्यांचा आवाज खाली आला.

"योगराज, तू माझ्यापेक्षा बरा आहेस. तू शुक्रवारी तरी येतोस. पण मी जसा झालो होतो तसा तू होतोयस, आणि त्यात तुझा दोष कमी आहे, त्या ठरावाचा जास्त आहे. तो ठराव काढा. तुझी वायर कोणी काढणार नाही. उगाच कोणी काढायला आलाच तर आधी मी खांबाखाली उभा राहीन."

ते खाली बसले. मग यशोदाबाई म्हणाल्या, "मोतीलाल खरं बोलना. पण पंचवीस दिवस म्हंजे पंचवीस दिवस. मी काही इसरनू नही." आणि सभा इतकी हसली की ग्रामसेवकांच्या टेबलावरचे कागद सांभाळायला पुनाला धावावं लागलं.

ठराव हात वर करून झाला. जुना रद्द; जो नियम पाळेल, खांबाचं भाडं सारखं देईल, त्याला वायर टाकता येईल. विरोधात अकरा हात होते, त्यातले सात योगराजच्या घरचे. योगराज सतरंजीवरून उठला, चपला पायात अडकवल्या आणि कोणाकडे न बघता निघून गेला.

मे महिन्यात पांझरा फायबरची माणसं आली. पिवळ्या टोप्या, नवी शिडी, मोनाली स्वतः नकाशा घेऊन उभी. पंधरा दिवसांत चाळीसेक घरं तिकडे गेली. दिपमालाही गेली. ताईबाईंनी मात्र हट्टानं पुढच्या खोलीतली टीव्हीची लाइन योगराजचीच ठेवली. "बारा वरीसना संबंध शे," त्या म्हणाल्या. एकाच घरात दोन वायरी आल्या.

योगराज नानांशी बोलेना. रस्त्यात दिसला तर गाडी दुसऱ्या गल्लीत घाली. नानांना ते लागलं होतं. ओट्यावर बसून ते रोज त्याच्या दुकानाच्या दिशेनं बघत. एक महिना त्यांनी वाट बघितली, मग एका सकाळी जुनी पिशवी काढली, त्यात स्वतःची पकड, टेप आणि हातमोजे घातले आणि दुकानात जाऊन उभे राहिले.

योगराज खुर्चीत बसून मोबाइल बघत होता. त्यानं मान वर केली नाही.

"किती घरं राहिली?" नानांनी विचारलं.

"बघायला आलात का?"

"चल. लाइन बघू."

"काय बघायची? मेली ती."

"फाट्यापासून गावापर्यंत जोड किती आहेत तुझे?"

योगराज मोबाइल खाली ठेवून म्हणाला, "तीसेक."

"सहा किलोमीटरला तीस जोड? मी तुला हे शिकवलं होतं? ऊठ."

तो उठला. रागानं उठला, पण उठला. दोघं मोटारसायकलवर फाट्यापर्यंत गेले आणि तिथून परत गावाकडे चालत आले, एकेक खांब बघत. प्रत्येक जोडापाशी नाना थांबायचे, बघायचे आणि काहीतरी टोचून बोलायचे. पहिल्या दहा जोडांपर्यंत योगराज गप्प होता. अकराव्याला म्हणाला, "हा माकडानं केलाय." पंधराव्याला हसला. गावात शिरेपर्यंत दोघंही घामानं निथळत होते आणि योगराज विचारत होता, "नाना, सगळीच नवी ओढली तर? आता काचेची वायर तेव्हाएवढी महाग राहिली नाही."

त्यानं नवी ओढली. दुकानात एक मदतनीस ठेवला. दुकानाबाहेर फलक लावला: तक्रार केल्यापासून चार तासांत दुरुस्ती, नाहीतर त्या दिवसाचे पैसे नाहीत. ते वाचून पांझरा फायबरनं गावात आपला एक माणूस कायमचा बसवला. आषाढात एकदा वादळी वारा होऊन दोन्ही वायरी तुटल्या, तेव्हा नानांच्या दारात एकाच वेळी दोन शिड्या लागल्या. दोन्ही माणसं एकमेकांकडे चोरून बघत घाई करत होती. ताईबाईंनी दोघांनाही सरबत दिलं आणि दिपमालाला म्हणाल्या, "कोरियामा बी आसंच व्हस का वं?"

दिवाळीआधी योगराज एका सकाळी नानांच्या घरी आला. आज त्याला नानांशी काम नव्हतं. त्यानं कागद-पेन पुढे केलं.

"वहिनी, एक अर्ज लिहून द्या. तुम्ही मुद्दे छान काढता."

"कसला अर्ज?"

योगराजनं इकडे तिकडे बघितलं. "पलीकडे टेंभीखेडे आहे ना, तिथं बबलूची वायर आहे. एकट्याचीच. ठराव करून घेतलाय पंचायतीकडून." तो थोडा अवघडला. "तिथल्या बायका माझ्या बायकोला म्हणतात, तुमच्याकडे चार तासांत येतात, आमच्याकडे चार दिवसांत. मी म्हटलं, आपण अर्ज टाकून बघू."

दिपमालानं पेन खाली ठेवलं. नाना ओट्यावरून खुर्ची सरकवून आत बघू लागले.

"हसू नका, नाना," योगराज म्हणाला.

"मी कुठं हसतोय? काम चांगलं आहे."

"आणि ते कलम घाला, वहिनी. भेदभाव करायचा नाही, मुदतीत उत्तर द्यायचं. ते जरा ठळक लिहा."

दिपमालानं अर्ज लिहिला. योगराजनं तो दोनदा मोठ्यानं वाचला आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. टेंभीखेड्याचे ग्रामसेवक आधी म्हणाले, इथं ठराव आहे. योगराजनं त्यांना कलम ऐकवलं, जांभळगव्हाणच्या ठरावाची प्रत दिली आणि तालुक्याचं पत्रही दिलं. प्रमिलाबाईंनी फोन करून तिथल्या सरपंचांना आपल्याकडे काय काय झालं ते सविस्तर सांगितलं, यशोदाबाईंच्या पंचवीस दिवसांसकट. महिन्याभरात परवानगी आली.

वायर ओढायच्या दिवशी नाना बरोबर गेले. ललितनं सुट्टी काढली होती, तो केबलचं रीळ फिरवत होता. कपाशीच्या शेताकडेनं खांब उभे होते आणि योगराज स्वतः वर चढला होता. बबलू आपल्या दुकानाच्या दारात हाताची घडी घालून उभा होता. अकरा वाजता त्याचा चेहरा रागीट होता. बाराला तो रस्ता ओलांडून खांबाखाली आला.

"ही क्लिप कुठून आणली?" त्यानं वर बघत विचारलं. "आमच्याकडची दोन महिन्यांत गंजते."

"जळगावहून," योगराज वरून म्हणाला. "नशिराबादच्या अलीकडे एक दुकान आहे. पाहिजे तर नंबर देतो."

"दे."

नानांनी खालून हाक मारली, "योगराज, गप्पा मारू नको. आते त्या जोडकडे ध्यान दे!"

शेजारच्या घरातून एक बाई कडेवर पोर घेऊन आली आणि दोघांकडे आळीपाळीनं बघत म्हणाली, "मंग आम्ही कोनी घेवानी?"

योगराज आणि बबलू एकाच वेळी बोलायला लागले.